तर्क कुणाच्या बापाचा

"तुमच्या कवितेत आक्रोश आहे. तर्क नाही."

सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात, चहाच्या आधी, हे मला सांगण्यात आलं. सांगणारे गृहस्थ विद्वान आहेत. त्यांचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण माणसाशी होतं, आणि माझं भांडण त्या वाक्याशी आहे. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या. हात रिकामे होते आणि उत्तर नव्हतं.

तिथनं थेट रातपाळीला गेलो. रिंग फ्रेमवर तुटलेला धागा सांधायचा हे माझं काम. तुटला की सांधायचा, पुन्हा तुटला की पुन्हा सांधायचा. खात्यातल्या आवाजात बोलता येत नाही, पण विचार करायला कुणाची बंदी नाही. पहाटेपर्यंत डोक्यात एकच भुंगा. तर्क म्हणजे ह्यांना नेमकं काय म्हणायचंय? आणि तो ह्यांच्याकडं कधी आला? कुणी दिला? सातबारा आहे का?

मग वाचायला घेतलं. शाळा दहावीला सुटलेली. डिक्शनरी मांडीवर घेऊन चार ओळींना एक तास, असं वाचतो मी. पण वाचलं. जे हाती लागलं ते इथं मांडतोय. ते आपल्या उपयोगाचं आहे, आणि दारं लावून शिकवण्याइतकं अवघड तर अजिबात नाही.

शाळेतला तर्क तुम्हांला ठाऊक आहे. सगळी माणसं मरतात, सॉक्रेटिस माणूस, म्हणून सॉक्रेटिस मरणार. ह्याच्यात नंतर कितीही माहिती ओता, निष्कर्ष हलत नाही. पोलादी काम. पण दोस्तहो, असल्या तर्कावर कोण जगतं? आपण जगतो "एरवी असं असतं, पण..." ह्यावर. भोंगा वाजला म्हणजे पाळी सुटली. एरवी. हे मोडणारं काहीतरी कळेपर्यंत आपण खुशाल डबा उचलून चालू लागतो. ह्या मोडू शकणाऱ्या तर्काचंही शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला जो शब्द लावतात तो हार्ट नावाच्या इंग्रज कायदेपंडितानं १९४९ साली छापलेल्या एका निबंधात जमिनीच्या कायद्यातून उचलला. अट मोडली की जाणारा हक्क, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे शब्दसुद्धा मालकीच्या भांडणातून आलेला. मला तेव्हाच वाटलं, हे आपल्या वळणाचं शास्त्र आहे.

आता वार कसे होतात ते बघा. भोंगा वाजला, मी म्हटलं पाळी सुटली. शेजारचा म्हणतो, घड्याळ बघ, अजून अर्धा तास आहे. ही धडक. माझ्या निष्कर्षासमोर त्याचा उलटा निष्कर्ष. दुसरा म्हणतो, अरे भोंगा दुरुस्तीला काढलाय, सकाळपासून वाजवून बघतायत. हा पाळी सुटली की नाही ह्यावर बोलतच नाही. भोंगा आणि पाळी ह्यांच्यातला सांधा तेवढा तोडतो. तिसरा म्हणतो, भोंगा वाजलाच नाही, बाहेर ट्रकचा हॉर्न होता. त्यानं कारणच उडवलं. जॉन पोलॉक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९८७ च्या लेखात पहिल्या दोघांतला फरक नीट लावून दिला. धडक वेगळी, सांधा तोडणं वेगळं.

आणि ही हत्यारं परदेशी आहेत असं कुणी समजू नका. न्यायशास्त्रात समोरासमोरच्या धडकेला सत्प्रतिपक्ष म्हणतात. सांधा तोडण्याच्या सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे उपाधी. जिथं आग तिथं धूर, असं म्हणालात तर नैयायिक विचारतो, सरपण ओलं आहे का? धूर आगीनं नुसता होत नाही, ओल्या सरपणानं होतो. हे माझ्या आजीला चुलीपुढं बसून समजत होतं. तिला उपाधी हा शब्द कुणी शिकू दिला नाही, एवढंच.

आता मुख्य. १९९५ साली फान मिन डुंग ह्या व्हिएतनामी माणसानं एक निबंध छापला. त्यानं म्हटलं, मुद्द्याच्या पोटात काय आहे ते घटकाभर बाजूला ठेवा. कागदावर ठिपके काढा. एक ठिपका एक मुद्दा. जो मुद्दा ज्याच्यावर वार करतो त्याच्याकडं बाण काढा. बस्स. आता कुठला मुद्दा टिकला ते बाणांवरून काढता येतं. ज्याच्यावर वार नाही तो उभा. त्यानं ज्याला मारलं तो पडला. आणि जो पडला त्यानं आधी ज्याला पाडलं होतं तो पुन्हा उठून उभा राहतो. मारणाराच मेला म्हणजे त्याचा वार गेला.

पुन्हा उठून उभा राहतो! हे वाचलं तेव्हा मी खाटेवर उठून बसलो. कारण हे मी आधी कुठंतरी बघितलं होतं. महाडला.

नीट मांडतो. १९२३ च्या ऑगस्टात मुंबईच्या कौन्सिलात बोले ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. मुद्दा पहिला: सार्वजनिक तळं सगळ्यांना खुलं, चवदार तळं सार्वजनिक, म्हणून आम्हांला खुलं. स्वच्छ, सरळ, शाळकरी पोरालाही कळेल असा.

ह्याच्यावर आलेलं पहिलं उत्तर काय होतं? तर्क? डोकी फोडली. जेवायला बसलेल्या, गावाकडं परतणाऱ्या माणसांना गाठून मारलं. मग तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून पाणी शुद्ध केलं. आक्रोश कुणाचा आणि तर्क कुणाचा, हे सदाशिव पेठेतल्या त्या विद्वानांनी इथं थांबून सांगावं. मी वाट बघतो.

मारून झालं, मग तर्काची आठवण झाली. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. डिसेंबरात सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली. त्यांचे दोन मुद्दे. एक, तळं सार्वजनिक नाहीच, खासगी आहे. बघा, बोले ठरावाशी धडक नाही. "सार्वजनिक तळं अस्पृश्यांना बंद" असं म्हणायची छाती नाही. कारणच उडवायचं. दोन, अनादी काळापासून अस्पृश्यांनी हे पाणी घ्यायचं नाही अशी रूढी आहे आणि रूढी म्हणजे कायदा. ही धडक.

कोर्टानं १४ डिसेंबर १९२७ ला तात्पुरती मनाई दिली. ह्या "तात्पुरती"कडं पुन्हा येणार आहे.

मालकीचा मुद्दा टिकला नाही. तळं नगरपालिकेकडचं निघालं. मुसलमान त्याच तळ्यावर पाणी भरत होते, मग खासगी कुणाचं? राहिली रूढी. तिच्यावरचा वार बघण्यासारखा आहे. आमच्या हयातीत कुणी अस्पृश्य तळ्यावर आला नाही, असे साक्षीदार त्यांनी आणले. एरवी कायदा एवढ्यावर मानतो की हे असंच जुन्यापासून चालत आलं असेल. एरवी! पण हयात माणसाची आठवण आणि अनादी काळ ह्यांच्यात जो सांधा आहे तो तोडला गेला. माणूस आला नाही म्हणजे त्याला यायला अनादी काळापासून बंदी होती, हे सिद्ध होत नाही. १९३१ ला महाडच्या कोर्टात, १९३३ ला ठाण्याला अपिलात, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्डांसमोर सवर्ण हरले. रूढी सिद्ध झाली नाही. दोन्ही मारेकरी मुद्दे पडले आणि १९२७ चा मुद्दा जसाच्या तसा पुन्हा उठून उभा राहिला. डुंगनं ठिपके काढायच्या ५८ वर्षं आधी.

आता एक गोष्ट आपल्या लोकांसाठी. "अस्पृश्यांना पाणी प्यायचा हक्क अनादी काळापासून होता" हे बाबासाहेबांना सिद्ध करावं लागलं नाही. दावा त्यांचा, ओझं त्यांच्या डोक्यावर. आपण फक्त मोडायचं होतं. स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा मोडणाऱ्याला न्यायसूत्रांत वितंडा करणारा म्हटलंय, आणि मराठीत ती शिवी झाली. वितंडवादी! आपल्याला शेकडो वेळा मिळालेली. नागार्जुनालाही मिळाली होती. तो बौद्ध पंडित म्हणत होता, माझी प्रतिज्ञाच नाही, तुमच्या प्रतिज्ञेचं बघा. ज्याच्या उरावर दुसऱ्यानं हक्काचा दगड ठेवलाय त्यानं तो दगड काढायचा, की आधी आपला डोंगर बांधून दाखवायचा? ओझं ज्याचं त्यानं वाहावं. वितंडा हा गरिबाचा धंदा आहे आणि तो रास्त आहे.

पण मी शास्त्राची आरती ओवाळायला बसलेलो नाही. ह्या ठिपक्यांच्या शास्त्रात एक भोक आहे आणि ते बरोबर आपल्या पायाखाली आहे.

दोन मुद्दे एकमेकांवर वार करतात, तिसरा मध्ये पडत नाही. मग? सावध तर्कशास्त्री म्हणतो, कुठलाच धरू नका, दोन्ही अनिर्णित. ठीक. प्रामाणिक आहे. (आपले संपादक ह्याहून पुढं जातात, म्हणतात दोन्ही बाजूंत तथ्य आहे. एकमेकांचा गळा धरलेले दोन मुद्दे एका पंगतीला बसूच शकत नाहीत, हा तर ह्या शास्त्राचा पहिला नियम. "दोन्ही बाजूंत तथ्य" हे तर्कात बसत नाही, जाहिरातीच्या दरपत्रकात बसतं.) कागदावर अनिर्णित म्हणजे ठिपक्याला रंग नाही. तळ्यावर अनिर्णित म्हणजे काय? तळ्यावर अनिर्णित म्हणजे ते पाणी भरतायत आणि आम्ही बघतोय.

१४ डिसेंबर १९२७ ची ती "तात्पुरती" मनाई. निकाल लागेपर्यंत जसं आहे तसं. पुढच्या दहा-बारा दिवसांत हजारो माणसं दुसऱ्या परिषदेला महाडात जमली, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तळ्याला फेरी घातली, आणि पाण्याला हात न लावता परत गेली. कोर्टाची मनाई होती म्हणून. मनाई पुढं १९२८ मध्ये उठली, दावा मात्र चालूच. पहिल्या घोटापासून शेवटच्या निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी. तर्क निर्दोष चालला, मान्य. पण दहा वर्षं तहान कुणी धरली? अनिर्णित ही जागा रिकामी नसते. तिथं आधीपासून कोणीतरी बसलेलं असतं, आणि तो उठत नाही तोपर्यंत निकालाची त्याला कसली घाई?

पुण्यात तेच. ऑक्टोबर १९२९, पर्वतीचा सत्याग्रह. शिवराम जानबा कांबळे, राजभोज पुढं होते, गाडगीळ, एस. एम. जोशींसारखे सवर्णही आले. सत्याग्रहींवर दगड पडले. आणि विश्वस्तांचा मुद्दा काय? देऊळ खासगी आहे! दोन वर्षांपूर्वी महाडात काढलेलं तेच हत्यार, घासूनपुसून. एरवी "हिंदूंचं पवित्र स्थान", आमच्या जनगणनेतल्या डोक्यांसकट सगळ्या हिंदूंचं. आम्ही पायरी चढलो की खासगी.

ह्या शहरातला खासगी हौद मला एकच माहीत आहे. जोतीरावांचा. घरचा, स्वतःच्या मालकीचा, कुणाला पाणी द्यायचं बंधन नसलेला. तो त्यांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला. खासगी असून सार्वजनिक केला. महाड-पर्वतीवाल्यांनी सार्वजनिक असून खासगी केलं. शब्द एकच आहे, फरक धरणाऱ्या हाताचा.

घटना लिहिताना बाबासाहेबांना हे ठाऊक होतं. १९५० पासून सतरावं कलम आहे. अस्पृश्यता नष्ट, तिथं सार्वजनिक-खासगी अशी अट नाही. पुढं १९५५ चा कायदा आला, आज त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याच्या बाराव्या कलमात ओझंच फिरवलंय. अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत असलं कृत्य झालं तर ते अस्पृश्यतेपोटीच झालं असं कोर्टानं धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे "उलट सिद्ध होईपर्यंत" म्हणजे आपला मोडता येणारा तर्क. फक्त पहिल्यांदा अनिर्णिताच्या खुर्चीवरून त्यांना उठवून तिथं आपल्याला बसवलं. एवढं कलम आपल्या पोरांना पाठ असायला हवं. चित्रपटाची गाणी पाठ आहेत.

आणि खुर्ची काढून घ्यायचा प्रयत्न थांबत नाही. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं अॅट्रॉसिटी कायद्याला वेसण घातली. आधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी वरिष्ठांची मंजुरी. खटला आपल्या महाराष्ट्रातलाच. मुद्दा असा की कायद्याचा गैरवापर होतो. तारीख बघा: २० मार्च. चवदार तळ्याची तारीख. कुणी मुद्दाम निवडली असं मी म्हणणार नाही, ते सिद्ध करता येत नाही. पण अंगावर काटा आला. आरोपी सुटतात, म्हणून तक्रारी खोट्या, हा त्या हाकाटीतला सांधा. तोडा तो. आरोपी सुटतो तेव्हा साक्षीदार गावातच राहत असतो, गिरण त्यांची, रस्ता त्यांचा, किराणा दुकान त्यांचं. तपास रखडतो. सुटका आणि खोटेपणा ह्यांच्यामध्ये अख्खं गाव उभं आहे. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली. ऑगस्टात संसदेनं कायदा दुरुस्त केला, १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं स्वतःच ते निर्देश मागं घेतले. मुद्दा पुन्हा उठून उभा राहिला. कोर्टात. रस्त्यावर पडलेली माणसं उठली नाहीत. डुंगच्या बाणांत हेही नाही.

दुसरं भोक माझ्या स्वतःच्या आयुष्यातलं आहे. खोली शोधतोय, सहा महिने झाले. एके ठिकाणी मालकांनी नाव विचारलं, सांगितलं. पूर्ण नाव विचारलं, सांगितलं. मग म्हणाले, आम्हांला शाकाहारी माणूस हवा. मी म्हटलं, खोलीत काही शिजवणारच नाही, खानावळीत जेवतो. मग म्हणाले, एकट्याला देत नाही, कुटुंब हवं. गिरणीतला माझा दोस्त, लग्न झालेला, आडनाव आमच्यासारखंच, त्याला पाठवला. त्याला म्हणाले, पुतण्या येणारे राहायला. पंधरा दिवसांनी पाटी पुन्हा लागली. बाण मारत चाललोय, ठिपके पडत चाललेत, आणि निष्कर्ष जागचा हलत नाही. का? कारण ज्या मुद्द्यावर तो निष्कर्ष उभा आहे तो ठिपका कागदावर आलेलाच नाही. शास्त्राचा नियम असा की मांडलेल्या मुद्द्यावर वार करता येतो. जो तोंडातून निघत नाही, पूर्ण नाव ऐकल्यावर नुसत्या भुवईवर दिसतो, त्याच्यावर बाण कसा मारायचा? मनूनं निदान लिहून ठेवलं होतं. म्हणून ते जाळता आलं. आणि आडून धरलं तर शेवटची ढाल तयार आहेच: घर आमचं आहे. खासगी.

आपल्यातले काहीजण म्हणतात, तर्क ही भटांची वस्तू, सोडून दे, तू आपला पेटव. त्यांच्याशी माझं पटत नाही आणि मी ते लपवत नाही. वज्रसूची कुणी लिहिली? ब्राह्मण कशानं ब्राह्मण होतो, जीवानं की देहानं की जन्मानं की ज्ञानानं, असं एकेक कारण धरून मोडत जाणारी ती पोथी अश्वघोषाच्या नावावर आहे, बौद्धाच्या. १८६१ साली तुकारामतात्या पडवळांनी जातिभेद विवेकसारात तिचाच आधार घेतला, आणि त्या पुस्तकाची पुढची आवृत्ती जोतीरावांनी काढली. आपल्या घरातलं हत्यार दुसऱ्याच्या भिंतीवर टांगलेलं बघायचं आणि म्हणायचं हे त्यांचंच? मग ते सभागृहातले विद्वान बरोबर ठरले की. आक्रोश आमचा, तर्क त्यांचा, वाटणी झाली. मला ही वाटणी मंजूर नाही. आक्रोशसुद्धा मुद्दा असतो. ओरडणारा माणूस सांगत असतो की तुम्ही ज्याला अनिर्णित म्हणताय ते माझ्या घशात चाललंय.

गेल्या रविवारी त्या मालकांकडं परत गेलो. दोस्ताला बरोबर घेतला, साक्षीला. जाताना वहीचा एक कोरा कागद आणि पेन नेलं. म्हटलं, काका, खोली देऊ नका, पण का देत नाही ते एका ओळीत लिहून द्या. तुमच्या अक्षरात.

काका कागदाकडं बघत राहिले. आतून काकू म्हणाल्या, कोण आहे हो. काका म्हणाले, कुणी नाही. मग मला म्हणाले, लिहून कशाला पाहिजे?

मी म्हटलं, वाचायला.

त्यांनी दार लावलं नाही, उघडंही ठेवलं नाही. कागद अजून कोरा आहे. ह्या रविवारी दुसरी पाळी नाही, पुन्हा जाणार आहे.